सोबेकच्या तळ्याकाठी

पहाटेच निघायला हवं. ऊन वर आलं की इथली वाळू अनवाणी पाय टेकू देत नाही. तुम्ही इजिप्तच्या फायूम प्रदेशात आहात. राज्य नुकतंच रोमनांच्या हाती गेलंय, पण तुमच्या यजमानाला त्याचं फारसं सोयरसुतक नाही. त्याला घाई आहे ती अंडी दाखवायची.

नार्मूथिस गावात, देवळालगतच्या या खोलीत खाली वाका. ओल्या मातीचा उबट वास नाकात शिरतो. वाळूत पुरलेल्या अंड्याला कान लावा. आतून बारीक, घशातला आवाज येतो. जन्मण्याआधीच पिल्लू हाका मारतंय! नदीकाठी असतं तर या हाका ऐकून आईने घरटं उकरलं असतं, पिल्लांना जबड्यात धरून अलगद पाण्यात नेलं असतं. इथं ते काम पुजाऱ्याचं. कवच फुटतं आणि वीतभराहून थोडं लांब पिल्लू बाहेर येतं, ते थेट तुमच्या करंगळीला चावतं. ते नर की मादी, हे वाळूच्या उबेने आधीच ठरवून टाकलंय: बत्तीस अंशांच्या आसपास बहुधा नर, त्याहून बरंच गार किंवा गरम असेल तर माद्या.

यातली कितीतरी पिल्लं मगरदेव सोबेकला वाहिली जाणार, लिननच्या पट्ट्यांत गुंडाळलेल्या ममी होऊन. बघवत नाही. पण इजिप्तमधल्या अशाच ममींनी पुढे एक मोठं कोडं सोडवलं. 2011 मध्ये त्यांच्या डीएनएवरून स्पष्ट झालं, की त्या नेहमीच्या नाईल मगरी नव्हेत, ‘क्रोकोडायलस सुकस’ ही वेगळीच जात आहे. नाईल मगरीचं जवळचं नातं निघालं ते थेट अमेरिकेतल्या मगरींशी! सुकस स्वभावाने मवाळ. आज ती पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत आहे, इजिप्तमध्ये मात्र उरली नाही.

आता गाढवावर बसा, रस्ता दिवसभराचा आहे. वाटेत मळणी चालू आहे, भुसा घामाला चिकटून मानेवर चरचरतो. दिवस कलताना शेदेत शहर येतं. मातीच्या विटांच्या घरांमधून चिंचोळ्या गल्ल्या, आंबलेल्या जवाच्या बीअरचा वास, कांदे, खारवलेले मासे, गाढवांची लीद. कोणी ग्रीक बोलतंय, कोणी मिसरी, आणि सगळेच ओरडून. यजमान हातात पुरचुंडी घेऊन गर्दीतून वाट काढतो. आत एक वडी, भाजलेलं मांस आणि मध मिसळलेल्या दारूचा छोटा बुधला.

तळ्याच्या काठावर सोबेकची मगर पडलीय, जबडा वासून. घाबरू नका, ती चिडलेली नाही. तिला घाम येत नाही, म्हणून उघड्या तोंडातून ती डोक्याची उष्णता बाहेर टाकते. सांगलीला कृष्णेकाठी ऊन खाणारी मगर पाहिली असेल, तर हे रूप ओळखीचं वाटेल. पावलं वाजताच ती जबडा मिटते. खालच्या जबड्यातला चौथा दात तरीही बाहेर दिसतो. अलिगेटरचा दिसला नसता.

दोन्ही बाजूंनी पुजारी जातात आणि तिचं तोंड उघडतात. जबडा मिटवणारे तिचे स्नायू इतके जबरदस्त, की तिच्या मनात नसतं तर त्यांची टाप नव्हती. ती उघडू देते! जवळ या, अजून जवळ. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस लिहून गेला की मगरीला जीभ नसते. आहे, ती बघा. पण खालच्या जबड्याला जखडलेली, बाहेर काढता न येणारी. तिच्यामागे घशाच्या तोंडाशी मांसल पडदा. तो बंद असला की पाण्याखाली तोंड उघडलं तरी श्वासनलिकेत पाणी जात नाही. जबड्याच्या कडेने बारीक काळे ठिपके आहेत. पाण्यातला हलकासा तरंगही त्यांना जाणवतो, काळोखातसुद्धा.

वडी आत जाते. मग मांस. मग दारूची धार, तिचा गोड आंबूस वास थेट तुमच्या तोंडावर. ती एक हिसका देते, धप्पकन पाण्यात उडी घेते आणि पलीकडचा काठ गाठते. तुम्ही नखशिखांत भिजलेले.

तेवढ्यात दुसरा परदेशी पाहुणा हजर, त्याचीही पुरचुंडी. पुजारी ती घेतात आणि तळ्याला वळसा घालून धावत सुटतात. स्ट्रॅबो नावाच्या ग्रीक प्रवाशाने हे सगळं डोळ्यांनी पाहून लिहून ठेवलंय, ही धावपळसुद्धा. यजमान तुमचं मनगट धरून ओढतो, “चला, चला, ती पुन्हा तोंड उघडणार!”