कारखाना गेला, गाडी राहिली

इंग्लंडमधल्या ॲबिंग्डन गावाने सप्टेंबर १९७९ मध्ये आपल्या एमजी मोटार कारखान्याची पन्नाशी साजरी केली आणि त्यापाठोपाठ तो बंद करण्याची घोषणा झाली. १९८० मध्ये दारं मिटली. १९६२ पासून इथे तयार होणाऱ्या 'एमजीबी' या स्पोर्ट्स कार तोवर पाच लाखांवर निघाल्या होत्या.

आता त्यांना जपायचं कोणी? ते काम मालकांनी घरच्या गॅरेजात केलं. या गाडीला वेगळी चॅसी नाही, पत्र्याचा सांगाडाच भार पेलतो. दाराखालचा पत्रा गंजला की कणाच खचतो. तो कापण्याआधी दाराच्या चौकटीला लोखंडी आधार द्यावा लागतो. नाहीतर गाडी मधोमध वाकते आणि दारं पुन्हा नीट बसत नाहीत.

पुढे जुने साचे शोधून काढले गेले. १९८८ मध्ये 'ब्रिटिश मोटर हेरिटेज'ने अख्खा सांगाडा नव्याने विकायला काढला. लोकांनी आपल्या जुन्या गाडीचं इंजिन, चाकं, सीट त्यात बसवली.

वर्गात आपण कारखाना सुरू झाल्याचं आणि बंद पडल्याचं साल शिकवतो. त्यानंतर सुट्टीच्या दिवशी गंज खरवडत बसलेल्या माणसांचाही एक इतिहास आहे, तो मात्र सांगायचा राहून जातो.