परदेशी क्रू गावातलं श्रमदान शूट करायला येतोय? दिंद्रुडसारख्या गावात तयारी कशी करायची?

समजा, तुमच्या गावच्या श्रमदानाचं एक रील व्हायरल झालं. टिकाव, फावडी, घमेली, हलगीचा आवाज आणि सकाळच्या उन्हात खणला जाणारा चर. आठ दिवसांनी इनबॉक्समध्ये मेसेज येतो, ‘आम्ही युरोपातून माहितीपट बनवतो. तुमच्या गावात शूटिंगला आलो तर चालेल का?’

गाव बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातलं दिंद्रुड आहे असं धरू. तुम्ही लगेच ‘या की, स्वागत आहे’ असं लिहून टाकता. मराठवाड्यातल्या माणसाला पाहुण्याला नाही म्हणता येत नाही. पण या एका ‘या की’मागे बरीच कागदपत्रं आणि गावाच्या वेळापत्रकाशी जोडलेल्या बऱ्याच गोष्टी असतात. परवानग्या क्रूच्या नावावर निघतात, पण काही चुकलं तर पोलीस आधी येतात ते ज्याच्या घरी पाहुणे उतरलेत त्याच्या दारात. म्हणून ही माहिती क्रूइतकीच गावालाही हवी.

असं आधी कुठं झालंय का?

झालंय. पाणी फाउंडेशनची ‘सत्यमेव जयते वॉटर कप’ स्पर्धा २०१६ मध्ये सुरू झाली. त्या वर्षी महाराष्ट्रातले तीनच तालुके होते: अमरावतीतलं वरुड, साताऱ्यातलं कोरेगाव आणि बीडमधलं अंबाजोगाई. ११६ गावं उतरली आणि कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावानं ५० लाखांचं पहिलं बक्षीस मिळवलं. पुढं अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीत पर्माकल्चर शिकवणारे अँड्र्यू मिलिसन भारतात आले. त्यांनी ‘इंडियाज वॉटर रिव्होल्यूशन’ या यूट्यूब मालिकेत पाणी फाउंडेशनचं काम जगाला दाखवलं. लोक दुष्काळाशी कसे भिडले, हे इंग्रजी बोलणाऱ्या प्रेक्षकांपर्यंत त्यातून पोहोचलं.

परदेशातून माणसं इथं श्रमदानाला येणं तर त्याहून जुनं. स्वित्झर्लंडचे पिएर सेरेसोल यांनी १९२० मध्ये सुरू केलेल्या ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ या चळवळीचे स्वयंसेवक १९३४च्या बिहार भूकंपानंतर भारतात राबले होते. १९५०च्या दशकात याच संघटनेचे तरुण बाबा आमटेंच्या आनंदवनात बांधकामाला आले.

आधी कॅलेंडर, मग कॅमेरा

बहुतेक परदेशी क्रू हवामान बघून तारखा ठरवतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा छान, म्हणून तिकिटं तेव्हाची. बीड जिल्ह्यासाठी ही सगळ्यात चुकीची वेळ आहे.

कारण दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड सुरू होते. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती कारखान्यांचा पट्टा पडल्यावर, साधारण मार्च-एप्रिलमध्ये परततात. हिवाळ्यात आलेल्या क्रूला अनेक घरांत फक्त म्हातारी माणसं आणि लेकरं दिसतील. त्यावरून ‘गावात तरुणच नाहीत’ असा माहितीपट निघेल. तोही एक खरा विषय आहे, पण तो श्रमदानाचा नव्हे.

श्रमदानाचा हंगाम भर उन्हाळ्यातला. वॉटर कपची स्पर्धा २०१७ आणि २०१८ मध्ये ८ एप्रिल ते २२ मे अशी ४५ दिवस चालली, ती उगाच नाही. शेतं मोकळी असतात, माणसं परत आलेली असतात आणि पावसाआधी चर, बांध तयार व्हायला हवेत. पारा चाळिशीपार जातो, म्हणून काम पहाटे किंवा संध्याकाळी चालतं. दुपारी बारा ते चार कॅमेरा बंद ठेवायचा हे आधीच मान्य करून घ्या. त्या वेळेत घराच्या आत मुलाखती होतात. वीज जाईल असं गृहीत धरून बॅटऱ्या आणि इन्व्हर्टरची सोय करा.

आणि एकाच फेरीत हा विषय पूर्ण होत नाही. मे महिन्यात कोरडा चर दिसतो, त्यात पाणी साठलेलं जुलै-ऑगस्टमध्ये दिसतं आणि विहिरीला खरंच फरक पडला का, हे दिवाळीनंतर कळतं. मेमध्ये शूट करून शेवटी ‘गाव पाणीदार झालं’ अशी पाटी टाकणारे माहितीपट बघितले की हसावं की रडावं कळत नाही. गावानं क्रूकडून किमान दोन फेऱ्यांचा शब्द घ्यावा.

कुठल्या व्हिसावर यायचं?

गफलत सगळ्यात जास्त इथंच होते. टुरिस्ट व्हिसावर येऊन ‘फिरता फिरता’ शूटिंग करायचं, हा सल्ला कुणी देत असेल तर ऐकू नका. ई-टुरिस्ट व्हिसावर परदेशी माणूस जास्तीत जास्त एक महिना विनामोबदला स्वयंसेवा करू शकतो. म्हणजे तुमच्यासोबत घमेलं उचलायला तो येऊ शकतो. पण त्याच व्हिसावर माहितीपट बनवता येत नाही. घमेलं आणि कॅमेरा यांचे व्हिसा वेगळे.

माहितीपटासाठी क्रूनं आपल्या देशातल्या भारतीय दूतावासाकडं अर्ज करायचा असतो. विषय आणि पटकथेचा सारांश, कुठं कुठं शूट करणार त्या गावांची नावं, प्रत्येक सदस्याचा पासपोर्ट तपशील, उपकरणांची यादी आणि एक हमीपत्र, असं सगळं त्यासोबत लागतं. दिल्लीत हे काम परराष्ट्र मंत्रालयाचा एक्सपीडी, म्हणजे बाह्य प्रसिद्धी विभाग पाहतो. तयार माहितीपट प्रदर्शनाआधी भारत सरकारच्या प्रतिनिधीला दाखवण्याची अटही असते. अर्जात दिंद्रुडचं नाव नसेल आणि क्रू दिंद्रुडमध्ये सापडला तर उत्तर देणं अवघड होईल. म्हणून गावाचं नाव, तालुका, जिल्हा आणि जवळचं पोलीस ठाणं ही माहिती तुम्हीच त्यांना नीट लिहून पाठवा. पोलीस ठाणं दिंद्रुडमध्येच आहे, ही त्यातल्या त्यात सोय.

कथापट, मालिका किंवा रिअॅलिटी शो असेल तर वाट बदलते. तिथं माहिती व प्रसारण मंत्रालयाची परवानगी आणि फिल्म व्हिसा लागतो, आणि अर्ज एनएफडीसीच्या ‘इंडिया सिने हब’ पोर्टलवरून होतो. २०१५ मध्ये सुरू झालेल्या फिल्म फॅसिलिटेशन ऑफिसचंच हे पुढचं रूप.

न्यू जर्सी किंवा लंडनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी एक वेगळी सूचना. ओसीआय कार्ड आहे म्हणजे सगळं चालतं, असा समज असतो. पण ४ मार्च २०२१च्या अधिसूचनेनुसार पत्रकारिता आणि संशोधनासाठी ओसीआयधारकालाही विशेष परवानगी घ्यावी लागते. तुमचा आतेभाऊ ‘मी तर आपलाच माणूस’ म्हणत क्रूसोबत येणार असेल तर त्यालाही दूतावासात विचारायला सांगा.

सरकार इतकं ताणून का धरतं? याला जुना इतिहास आहे. फ्रेंच दिग्दर्शक लुई माल यांची भारतावरची मालिका बीबीसीनं १९७० मध्ये दाखवली. त्यातलं गरिबीचं चित्रण भारत सरकारला इतकं खटकलं की बीबीसीचं दिल्ली कार्यालय बंद करायला लावलं, ते १९७२ पर्यंत. २०१५ मध्ये ‘इंडियाज डॉटर’च्या वेळी तिहार तुरुंगातल्या शूटिंगच्या अटींवरून पुन्हा वाद पेटला. ते निर्णय बरोबर होते असं म्हणायचं कारण नाही. पण अटी कागदावरच राहतात, या भरवशावर राहू नये एवढं त्यातून कळतं.

सामानात काय आणायचं नाही

कॅमेरे आणि लेन्ससाठी ‘एटीए कार्नेट’ नावाचं कागदपत्र असतं. सामान तात्पुरतं आणून परत नेणार, याची ती हमी. क्रू ते आपल्या देशातून घेऊन येतो. भारतात या व्यवस्थेची जबाबदारी फिक्कीकडं आहे. यादीतली प्रत्येक वस्तू परत गेली पाहिजे. जाताना गावातल्या पोराला प्रेमानं एखादी लेन्स भेट दिली, तर कस्टममध्ये हिशोब लागत नाही.

ड्रोन मात्र आणूच नये. ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. आकाशातून चरांची नक्षी दाखवायची असेल, आणि या विषयात ती दाखवावीच लागते, तर नोंदणीकृत ड्रोन आणि रिमोट पायलटचं प्रमाणपत्र असलेला भारतीय चालक भाड्यानं घ्या. डिजिटल स्कायच्या नकाशावर आपला भाग ग्रीन झोनमध्ये आहे का ते बघा. तिथं ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. तरी माजलगाव धरणाच्या बाजूला उडवण्याआधी जलसंपदा विभागाला आणि पोलिसांना विचारलेलं बरं.

तिसरी गोष्ट सॅटेलाइट फोन. परवान्याशिवाय थुराया किंवा इरिडियमचा फोन बाळगणं भारतात गुन्हा आहे. ट्रेकिंगसाठीच्या सॅटेलाइट मेसेंजरमुळंही परदेशी पर्यटक विमानतळावर अडकलेत. दिंद्रुडला साध्या मोबाइलवर भागतं, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.

गावानं काय करायचं?

पाहुणे सरपंचांच्या वाड्यावर उतरोत की तुमच्या माडीवर, परदेशी नागरिक मुक्कामाला असल्याची माहिती घरमालकानं २४ तासांत ऑनलाइन द्यावी लागते. यालाच सगळे ‘फॉर्म सी’ म्हणतात. हे फक्त लॉजवाल्यांचं काम आहे असं समजू नका. बीडसारख्या जिल्ह्यात परदेशी नागरिकांची नोंद जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयाकडं असते.

ग्रामपंचायतीचं ना-हरकत पत्र घ्या, पोलीस ठाण्यात तारखांसह अर्ज द्या. काम वनजमिनीवर असेल तर वन विभागाची परवानगी वेगळी. शासकीय जागांवर शूट करायचं तर राज्याची एक खिडकी योजना गोरेगावच्या चित्रनगरीतून चालते.

पैशाचा विषय लाजून टाळू नका. श्रमदानाला मजुरी नाही. कॅमेऱ्यासमोर घमेलं उचलायला कुणी रोज घेतला तर ते श्रमदान राहिलं नाही. पण दुभाषा, गाडीवाला, स्वयंपाक करणाऱ्या मावशी, क्रूला गाव फिरवणारा तरुण, यांना पूर्ण मोबदला मिळालाच पाहिजे. हे त्यांचं काम आहे, सेवा नव्हे. दुभाषा शक्यतो याच भागातला घ्या. मुंबई-पुण्याच्या दुभाष्याला ‘उचल’ म्हणजे नुसतं अॅडव्हान्स वाटतं. त्या शब्दातलं कर्जाचं ओझं भाषांतरात हरवतं.

निघताना भारावलेला क्रू म्हणतो, ‘शाळेसाठी थोडे पैसे देतो.’ इथं थांबा. सामाजिक काम करणाऱ्या संस्थेनं परदेशी देणगी घ्यायची तर एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. २०२०च्या दुरुस्तीनंतर नोंदणी असलेल्या संस्थेलाही ती आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावी लागते. गावच्या तरुण मंडळाच्या गूगल पेवर ती घेतली तर मंडळच अडचणीत येईल.

काय दाखवायचं, काय नाही

बीडची ओळख परदेशी माध्यमांत आधीच झालेली आहे. २०१९ मध्ये ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी जगभर गेली आणि २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं ती पुन्हा सविस्तर मांडली. ते लिहिलं जाणं गरजेचंच होतं. पण त्यामुळं कॅमेरा दिसला की बाया पदर पुढं ओढतात. एखादीला श्रमदानावर बोलायला बसवून मध्येच ‘तुमचं ऑपरेशन झालंय का?’ असं विचारलं, तर तो विश्वासघात आहे. मुलाखतीचा विषय आधी सांगायचा आणि तोच ठेवायचा, हे करारात लिहून घ्या. संमती मराठीत, कॅमेऱ्यावर, आणि नंतर ‘नको’ म्हणण्याच्या हक्कासह असावी. लहान मुलांसाठी आईवडिलांची.

दुसरी अडचण उलट बाजूची आहे. पाहुण्यांपुढं गाव चांगलंच दाखवावंसं वाटतं, आणि क्रूलाही फावडंच हवं असतं. पण बऱ्याच गावांत मातीचा मोठा हिस्सा जेसीबी आणि पोकलेननं काढला. श्रमदानाचं उद्दिष्ट गाठलेल्या गावांना भारतीय जैन संघटनेनं यंत्रं पुरवली होती. ती फ्रेमबाहेर ठेवणं म्हणजे खोटं बोलणं. १ मे २०१८ला शहरांतून हजारो ‘जलमित्र’ महाश्रमदानाला आले होते. असा दिवस पडद्यावर देखणा दिसतो, पण उरलेले दिवस पन्नासभर माणसंच राबत असतात. वाड्यावस्त्यांवरचे, वेगवेगळ्या जातींचे लोक खरंच एकत्र येतात का, आणि साठलेलं पाणी शेवटी कुणाच्या विहिरीत जातं, हे प्रश्न क्रूनं विचारले तर चिडू नका. नदी-नाले सरसकट खोल करण्यावर प्रदीप पुरंदरे, एच. एम. देसरडा यांच्यासारख्या मराठवाड्यातल्याच अभ्यासकांनी टीका केली आहे. जलयुक्त शिवारवर ‘कॅग’नंही ताशेरे ओढले. असा एखादा विरोधी आवाज असला की परदेशातला प्रेक्षकही जास्त विश्वास ठेवतो.

‘जरा पुन्हा एकदा सगळे मिळून उचला ना’, ही विनंती हमखास येते. चाळीस अंशांत दुसऱ्यांदा दगड उचलायला लावण्याआधी दिग्दर्शकानं एकदा स्वतः उचलून बघावा.

मेच्या शूटिंगसाठी सुरुवात कधी?

दिवाळीत बोलणं सुरू करा. जानेवारीत दूतावासाकडं अर्ज गेला पाहिजे. मार्चमध्ये ऊसतोडीहून परतलेल्या लोकांसोबत बैठक घ्या, कारण कॅमेऱ्यापुढं राबणार ते आहेत आणि तोवर त्यांना कुणी विचारलेलंच नसतं. एप्रिलमध्ये एकट्या दिग्दर्शकानं कॅमेरा न काढता चार दिवस राहून जावं. व्हिसा मागताना मल्टिपल एंट्री मागायला सांगा, ऑगस्टमध्ये चर भरलेले शूट करायला परत यायचंय. आणि करारात एक ओळ घाला: माहितीपटाची मराठी सबटायटल असलेली प्रत ग्रामपंचायतीला मिळेल आणि गावात तो दाखवला जाईल. पण ते दाखवणं दसऱ्याच्या आत व्हायला हवं, कारण त्यानंतर बघायला निम्मं गाव नसतं.