टेकडी, शेरू आणि चांदीचा चिमटा

शुक्रवारी सकाळी मी शेरूला घेऊन वेताळ टेकडीवर जातो. गोखलेनगरच्या बाजूने चढायचं, गिरिपुष्पाच्या झाडीतून वेताळबाबाच्या देवळापर्यंत जायचं आणि खाणीच्या कडेने वळसा घेऊन उतरायचं. पुणे शहरातली ही सगळ्यात उंच जागा, समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर. शेरू गावठी आहे, तांबूस रंगाचा, एक कान मोडलेला. वाटेत मोर दिसतात म्हणून मी त्याची साखळी सोडत नाही. तो रुसतो, पण ऐकतो.

मध्यंतरी वर पारावर बसलेल्या एका काकांनी शेरूचं नाव विचारलं, मग माझं. माझं नाव ऐकून म्हणाले, "तुमच्यात कुत्रा चालतो?" विचारण्यात खोच नव्हती, खरंच नवल वाटलं होतं त्यांना. त्याच आठवड्यात एका लग्नात माझ्या मामूंनी विचारलं, "घरात कुत्रा आहे, मग नमाजचं काय करतोस?" हे दोघे एकमेकांना ओळखत नाहीत. पण मुसलमान आणि कुत्रा यांच्याबद्दल दोघांना एकच गोष्ट ठाऊक आहे: कुत्रा नापाक. त्यापलीकडे काही असेल असं दोघांनाही वाटत नाही. म्हणून हे लिहितो आहे.

आधी घरातलं सांगतो. आमच्या घरात दोन मजहब आहेत. अम्मीचं माहेर रत्नागिरीकडचं. कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई. अब्बा सातारा जिल्ह्यातले, म्हणजे देशावरचे, हनफी. शाफई मतानुसार कुत्रा सगळाच नापाक. त्याचं ओलं अंग लागलं तरी ती जागा सात वेळा धुवायची, त्यातल्या एका वेळी माती लावून. हनफी मतानुसार नापाक आहे ती लाळ. कुत्र्याचं कोरडं अंग कपड्याला लागलं म्हणून कपडा बाटत नाही. मालिकी पंथ तर कुत्र्याला पाकच मानतो, भांडं धुण्याची आज्ञा पाळतो ती आज्ञा आहे म्हणून. शेरू अंगणात आला तेव्हा अम्मी आणि अब्बांमध्ये जे भांडण झालं, ते बाराशे वर्षांपूर्वीच्या फकीहांचं भांडण होतं. फक्त आमच्याकडे ते मोरीजवळ, बादली हातात घेऊन चाललं होतं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. ज्या घरात कुत्रा असतो तिथे फरिश्ते येत नाहीत, अशी हदीस आहे. शिकार, गुरं आणि शेताची राखण यांसाठी कुत्रा पाळायला मुभा आहे. नुसत्या हौसेसाठी पाळणं बहुतेक उलेमांना पसंत नाही. म्हणून शेरू अंगणात राहतो, घरात येत नाही. मामूंना मी एवढंच सांगितलं.

पण ज्या परंपरेत ही हदीस आहे, तिच्यातच आणखीही काही आहे. सूरह कहफ आपल्यापैकी अनेकजण दर शुक्रवारी पढतात. जुलमी लोकांपासून ईमान वाचवण्यासाठी काही तरुण डोंगरातल्या गुहेत जातात आणि 309 वर्षं झोपतात. त्यांच्याबरोबर एक कुत्रा आहे. तो उंबऱ्यावर पुढचे पाय पसरून बसलेला आहे. ते नेमके किती जण होते यावर लोक वाद घालतात, तेही कुरआन सांगतो: कोणी म्हणतात तिघे आणि चौथा कुत्रा, कोणी पाच आणि सहावा कुत्रा, कोणी सात आणि आठवा कुत्रा. माणसांच्या आकड्याचा निकाल लागत नाही, पण प्रत्येक मोजणीत कुत्रा आहेच. इतकी वर्षं मी ही सूरह पढत होतो. तो कुत्रा मला दिसला, तो शेरू आल्यावर.

सूरह माइदामध्ये तर शिकवलेल्या कुत्र्याने धरून आणलेली शिकार खायला परवानगी आहे. आणि तहानलेल्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून, बुटात पाणी भरून आणणाऱ्या माणसाला अल्लाहने माफ केलं, ही हदीस बुखारीत आहे. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला बगदादमध्ये इब्न अल-मर्जुबान नावाच्या लेखकाने एक आख्खं पुस्तकच लिहिलं. त्याच्या नावाचा अर्थ साधारण असा: कपडे घालणाऱ्यांपैकी अनेकांपेक्षा कुत्रे श्रेष्ठ. माणसांच्या बेइमानीला कंटाळलेल्या माणसाने जमवलेल्या कुत्र्यांच्या इमानाच्या गोष्टी आणि कविता त्यात आहेत.

कुत्र्याला सोबत घेऊन रानात जाणं ही आपल्या दख्खनमध्येही नवी हौस नाही. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या काळातला, इ.स. 949-50चा आतकूरचा शिलालेख कर्नाटकातल्या मंड्या जिल्ह्यातला. चोळांवरच्या विजयानंतर गंग राजा बुतुग आपल्या मनलेर नावाच्या वीराला म्हणाला, हवं ते माग. त्याने काली नावाचा शिकारी कुत्रा मागितला. पुढे एका टेकडीजवळ काली रानडुकरावर धावून गेला आणि दोघेही मेले. मनलेराने कालीसाठी दगड उभा केला, त्यावर कुत्रा आणि डुकराची झुंज कोरलेली आहे.

आपल्या खंडोबाच्या मूर्तीतही कुत्रा असतो. वाघ्ये स्वतःला देवाचा कुत्रा म्हणवतात. कोटंब्यात अन्न घेऊन भुंकत खाण्याची त्यांची रीत होती. त्याच खंडोबाला मुसलमान भक्त मल्लूखान म्हणत आले. अब्बांचं गाव पालच्या खंडोबापासून लांब नाही. धनगरांचे कुत्रे वाड्याभोवती राखण करताना त्यांनी लहानपणापासून पाहिले, त्यामुळे त्यांना शेरूचं फारसं वावडं नव्हतं. अम्मीने ते पाहिलेलं नव्हतं. मजहबाइतकाच मुलूखही माणसाला घडवतो.

या सगळ्यात मला सर्वात जवळची वाटते ती जहांगीरची गोष्ट. इंग्रजांचा वकील सर थॉमस रो त्याच्या दरबारात असतानाच्या काळात इंग्लंडहून मॅस्टिफ जातीचे धिप्पाड कुत्रे पाठवले गेले. समुद्रप्रवासातून त्यांतले दोन जिवंत पोहोचले आणि बादशहाला नजर झाले. रोचा पाद्री एडवर्ड टेरी याने 1655 साली छापलेल्या प्रवासवर्णनात पुढची हकिकत दिली आहे. बादशहाने एकेका कुत्र्याला चार-चार नोकर दिले. पालखीत बसवून त्यांना न्यायचं आणि त्यांच्या अंगावरच्या माश्या वारायच्या. आणि कुत्र्यांना स्वतःच्या हाताने भरवता यावं म्हणून त्याने मुद्दाम चांदीचा चिमटा घडवून घेतला.

चिमटा का, याचं कारण टेरीच्या हकिकतीत शोधायची मला गरज वाटत नाही. आमच्या मोरीजवळची बादली पाहिलेल्या माणसाला ते लगेच समजतं. लाळेपासून हात दूर ठेवायचा, पण घास स्वतःच द्यायचा. पाक-नापाकचा नियम एक गोष्ट आणि जीव लावणं दुसरी. बादशहाने दोन्ही पाळल्या. आपण मात्र पहिलीवरून दुसरीचा निकाल लावून टाकतो. मग गल्लीतल्या कुत्र्याला दगड मारणाऱ्या पोराला कोणी रागावत नाही, कारण कुत्रा नापाकच. भांडं सात वेळा धुवा असं सांगणाऱ्या परंपरेने दगड मारा असं कधीच सांगितलं नव्हतं, पाणी पाजा असंच सांगितलं होतं.

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी अम्मी माझ्याबरोबर टेकडीवर आली. डॉक्टरांनी तिला चालायला सांगितलं होतं. शेरूपासून ती दोन हात अंतर राखून चालत होती, तो जवळ आला की ओढणी आवरून घ्यायची. खाणीजवळ पोहोचेपर्यंत उन्हाने खडक तापला होता. शेरू जीभ बाहेर काढून सावलीत पसरला, पुढचे पाय लांब करून. मी पिशवीतली करवंटी काढली, तेवढ्यात अम्मीने माझ्या हातातून बाटली घेतली. करवंटी खाली ठेवायला लावली आणि उभ्यानेच, हातभर उंचीवरून, एक थेंबही तिच्यावर उडणार नाही अशी पाण्याची धार सोडली. शेरूने करवंटी कोरडी केली, तिने पुन्हा भरली.

"आता पुरे, उतरताना तुला लागेल," मी म्हणालो.

"मला काय, खाली गेल्यावर मिळेल," ती म्हणाली आणि उरलेलं पाणीही ओतलं.

तिने अजून शेरूला हात लावलेला नाही, लावणारही नाही. पण आता दर शुक्रवारी मी निघताना ती करवंटी पिशवीत आहे का ते बघते.