भेंडीवरचा केवडा आणि पाठीवरचा पंप

इतिहास म्हटला की आपल्याला लढाया आणि तह आठवतात. भेंडीच्या पानालाही इतिहास आहे असे सांगितले तर आपण हसाल. पण आमचे आयुष्य कामगारांत गेले. जे काम कोणाच्या तरी जिवावर चालते त्याला इतिहास असतोच, असे आमचे मत बनले आहे.

मावा, तुडतुडे, फुलकिडे आणि पांढरी माशी ही मंडळी पान कुरतडत नाहीत. सुईसारखी सोंड खुपसून रस ओढतात. त्यांचे पंचांग ठरलेले असते. खरिपात जुलै-ऑगस्टपासून तुडतुडे वाढतात. पावसाने ओढ दिली की फुलकिडे आणि पांढरी माशी जोर धरतात. थंडीत आभाळ भरून आले की कोबीवर मावा बसतो, आणि जोराची सर आली की तोच मावा धुऊन जातो. पांढरी माशी तर रस पिता पिता भेंडीला विषाणूही देते. मग शिरा पिवळ्या पडतात, पान हळदीसारखे होते. शेतकरी याला केवडा म्हणतो. नाव सुगंधी, पण फळ हाती लागत नाही. मुंबई इलाख्यातील या रोगाची नोंद १९२४ साली प्रसिद्ध झाली.

जुने उपाय घरगुती होते: तंबाखूचा काढा, साबणाचे पाणी, रॉकेलचे मिश्रण. पुसा येथील सरकारी कीटकशास्त्रज्ञ मॅक्सवेल-लेफ्रॉय यांनी १९०६ साली हिंदुस्थानातील किडींवर ग्रंथ लिहिला. पुढे १९२५ साली लंडनच्या प्रयोगशाळेत किडी मारण्याच्या वायूवर प्रयोग करताना त्याच वायूने त्यांचा बळी घेतला. विष किडा आणि माणूस यांत भेद करीत नाही, हा धडा तेव्हाच मिळाला होता. तो कोणी गिरवला नाही.

१९३९ साली पॉल म्युलर यांना डीडीटीचा गुण सापडला आणि १९४८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आता किडींचे राज्य संपले असे जगाला वाटले. झाले उलटेच. फवाऱ्याने माव्याबरोबर मावा खाणारे ढालकिडेही मेले. वाचलेल्या किडींची प्रजा विषाला पुरून उरली, आणि शेतकऱ्याने मात्रा वाढवली. १९५८ साली केरळात पॅराथिऑन मिसळलेल्या पिठाने शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर दहा वर्षांनी, १९६८ साली, कीटकनाशक कायदा झाला.

याच काळात दुसरी, शहाणपणाची वाटही निघाली होती. १९६० च्या सुमारास केवड्याला दाद न देणारी 'पुसा सावनी' भेंडी आली. पुढे तिचा टिकाव सरला. तेव्हा परभणीच्या कृषी विद्यापीठात जांभळे आणि नेरकर यांनी भेंडीच्या रानटी भाऊबंदाशी संकर करून 'परभणी क्रांती' हे वाण काढले. तेही सर्वत्र कायमचे टिकले नाही. निसर्गाशी केलेला करार दर काही वर्षांनी नव्याने करावा लागतो. आम्हां युनियनवाल्यांना याचे नवल नाही.

आता मुख्य मुद्दा. १९७१ च्या नियमांत फवारणी करणाऱ्याला संरक्षक कपडे द्यावेत आणि त्याची वैद्यकीय तपासणी व्हावी असे लिहिले आहे. पण रोजंदारीवरच्या माणसाचे नाव हजेरीपटावरच नसते; त्याची तपासणी कोण करणार? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीत फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने मेले. कपाशी आणि भेंडी एकाच कुळातल्या. तुडतुडे आणि पांढरी माशी दोघींच्याही वैरिणी.

उपाय अवघड नाहीत. ऋतू ओळखून पेरणी करावी, केवड्याची झाडे दिसताच उपटावीत, पिवळे चिकट सापळे लावावेत, पाच टक्के निंबोळी अर्क आधी वापरावा. विष शेवटी, मोजून आणि वाऱ्याची दिशा पाहून. पण हे शेतकऱ्याने एकट्याने करावयाचे नाही. पानावर ठिपका दिसला की भाजी बाजूला सारणारे आपण शहरवासीही या व्यवहारात भागीदार आहोत. निष्कलंक भेंडीचा हट्ट आपण धरतो, आणि त्याची किंमत पाठीवर पंप घेणारा मोजतो. ती त्याने एकट्याने मोजू नये, एवढीच आमची मागणी आहे.