परिस्थितीभान-मापन
वैमानिक, हवाई वाहतूक नियंत्रक आदींना भोवतालची स्थिती कितपत उमगली आहे, हे अजमावणे. संशोधक मिका एंड्स्ली यांच्या मते या भानाच्या तीन पातळ्या : घटक टिपणे, अर्थ लावणे, पुढचे ताडणे. निव्वळ कामगिरीवरून ते कळत नाही. भान सुटलेलाही कधी नशिबाने तरतो. स्वतःच गुण देण्याची ‘सार्ट’ पद्धत सोपी खरी, पण काही निसटल्याचे ज्याला कळलेच नाही, तो स्वतःला भरघोस गुण देणारच. म्हणून एंड्स्लींच्या ‘सॅगॅट’मध्ये (१९८८) सिम्युलेटर अवचित थांबवून, पडदे कोरे करून प्रश्न विचारतात आणि उत्तरे प्रत्यक्ष स्थितीशी पडताळतात. यात व्यत्यय येतो आणि परीक्षा स्मरणाचीच होते, असे आक्षेप आहेत. एंड्स्लींच्या प्रयोगांत थांबण्याने कामगिरी ढासळली नाही; स्मरणाचा आक्षेप मात्र सहज झटकता येत नाही, कारण माहिती कुठे पाहावी हे ठाऊक असणे हेही भानच. ‘स्पॅम’ पद्धत त्यामुळे पडदे चालू ठेवून उत्तराला लागलेला वेळ मोजते.