बूट पॉलिश करून घेणारा माणूस : शहराच्या रोजच्या फोटोचा इतिहास

१/
पॅरिस, १८३८. लुई दागेर हा चित्रकार आणि संशोधक उंचावरच्या एका खिडकीतून बुलव्हार द्यु तांप्ल या रस्त्याचे छायाचित्र घेतो. भर दिवसाची वेळ, वर्दळीचा रस्ता. गाड्या, घोडे, पादचारी सारे काही तिथे आहे. तयार झालेल्या छायाचित्रात मात्र रस्ता ओस पडलेला दिसतो. असे का?

२/
त्या काळी चित्र उमटण्यास काही मिनिटे लागत. जो हलला, तो चित्रातून पुसला गेला. खालच्या कोपऱ्यात एक माणूस तेवढा उरला, कारण बुटांना पॉलिश करून घेण्यासाठी तो बराच वेळ एका जागी उभा होता. त्याच्या पायाशी वाकलेली पॉलिशवाल्याची आकृतीही अंधुकशी दिसते. ज्यात माणूस ओळखू येतो असे हे सर्वांत जुने ज्ञात छायाचित्र मानले जाते. त्या दोघांची नावे मात्र इतिहासाला ठाऊक नाहीत.

३/
आज खिशातला फोन काढून चालत्या गर्दीचा फोटो टिपण्यास सेकंदाचा शंभरावा भागही पुरतो. या दोन टोकांमधला प्रवास केवळ यंत्राच्या प्रगतीचा नाही. कॅमेरा कोणाच्या हाती होता आणि त्याच्यासमोर कोणाला उभे केले जात होते, याचाही तो इतिहास आहे. मुंबई शहरात तो विशेष स्पष्टपणे दिसतो.

४/
दागेरची पद्धत १८३९ मध्ये जाहीर झाली आणि त्यानंतर पंधरा वर्षांतच, १८५४ साली, मुंबईत 'बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी' स्थापन झाली. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. डॉ. भाऊ दाजी लाड सोसायटीचे सदस्य होते आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे स्वतः कसलेले छायाचित्रकार होते. भारतीय हातांत कॅमेरा लवकर आला, हे खरे. पण ते हात शिकलेल्या, सुस्थितीतील मंडळींचे होते.

५/
याला कारण होते त्यामागचा खटाटोप. १८५१ पासून रूढ झालेल्या 'ओल्या कोलोडियन'च्या पद्धतीत काचेवर रसायनाचा थर द्यायचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि थर वाळण्यापूर्वी चित्र धुऊन काढायचे, असा क्रम होता. घराबाहेर पडायचे तर अंधारा तंबू, बाटल्या, पाणी आणि वाहून नेणारी माणसे सोबत हवीत. एवढ्या सरंजामात रस्त्यावरचा क्षण सहज टिपणे अशक्यच होते.

६/
मग 'मुंबईची माणसे' छायाचित्रांत आली ती कशी? विल्यम जॉन्सनने १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईतील विविध जातीजमातींवर दोन खंड प्रसिद्ध केले. त्यांतील माणसांची छायाचित्रे वेगळी घेतलेली आहेत. नंतर त्या आकृती दुसऱ्याच छायाचित्रांतील देखाव्यांवर जोडण्यात आल्या. माणूस खरा, जागा खरी. पण त्या जागी तो माणूस उभा असलेला क्षण कधी घडलाच नव्हता. चित्राखाली व्यक्तीचे नाव नसे, समूहाचे असे. तिथे माणूस नव्हता, 'नमुना' होता.

७/
सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. मार्च १८९७ मध्ये ब्रिगेडियर जनरल गॅटेकरच्या नेतृत्वाखाली प्लेग समिती नेमली गेली. या समितीच्या कामाची छायाचित्रे कॅप्टन मॉस या लष्करी अधिकाऱ्याने घेतली, असे मानले जाते. घरांची तपासणी, पाण्याचे फवारे मारून घरे धुणे, इस्पितळातील खाटांवरचे रुग्ण असे सारे त्यांत आहे.

८/
मुंबईच्या सामान्य वस्त्यांचे, दारांचे, ओट्यांचे दर्शन घडवणारा हा एक मोलाचा ठेवा आहे. परंतु तो सरकारी नजरेने टिपलेला आहे. ज्या घरात शिपाई शिरत होते, त्या घरातील माणसांना ती तपासणी कशी दिसली, याचे छायाचित्र नाही. कारण त्यांच्या हाती कॅमेरा नव्हता. इतिहासाची साधने तपासताना 'चित्रात कोण आहे' इतकाच 'चित्र कोणी घेतले' हा प्रश्नही का विचारावा लागतो, ते इथे कळते.

९/
दरम्यान अमेरिकेत मोठा पालट घडला. १८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमनने 'कोडॅक' कॅमेरा बाजारात आणला. त्यात शंभर चित्रांची फिल्म भरलेली असे. ती संपली की कॅमेरा कंपनीकडे पाठवायचा. चित्रे छापून, नवी फिल्म भरून तो परत येई. त्याची किंमत २५ डॉलर होती. १९०० मध्ये आलेला 'ब्राउनी' अवघ्या एका डॉलरला मिळू लागला. 'स्नॅपशॉट' हा शब्द मुळात शिकारीतला. नीट नेम न धरता झटक्यात झाडलेली गोळी, हा त्याचा अर्थ. तो आता छायाचित्राला चिकटला.

१०/
भारतात मात्र स्वतःचा कॅमेरा दीर्घकाळ सुखवस्तू घरांपुरताच राहिला. बहुतेकांसाठी 'फोटो काढणे' म्हणजे ठेवणीतले कपडे घालून स्टुडिओत जाणे आणि रंगवलेल्या पडद्यापुढे श्वास रोखून बसणे. घराबाहेरचे शहर त्या पडद्यापलीकडे राहून गेले.

११/
हा पडदा ज्यांनी दूर सारला, त्यांत होमाई व्यारावाला यांचे नाव आदराने घ्यावे लागते. १९१३ मध्ये नवसारीत जन्मलेल्या आणि मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमाईंनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस सहाध्यायी मुलींचे आणि मुंबईतील रोजच्या जीवनाचे फोटो घेतले. आरंभी त्यांची छायाचित्रे पती माणेकशा यांच्या नावाने छापली जात. त्या पुढे दिल्लीत गेल्या आणि देशातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या गेल्या. पण त्यांच्या मुंबईच्या फोटोंतील मोकळ्या, हसऱ्या तरुणी आजही थबकायला लावतात. या मुली कोणाचा 'नमुना' नव्हत्या; फोटो घेणारी त्यांच्यातलीच एक होती.

१२/
तरीही फिल्मचा हिशेब आडवा येतच होता. साध्या रोलमध्ये ३६ फोटो, काही कॅमेऱ्यांत तर अवघे १२. शिवाय धुण्याचा आणि छापण्याचा खर्च वेगळा. साहजिकच रोल राखून ठेवला जाई तो लग्न, मुंज, बारसे आणि सहल यांसाठी. जुन्या अल्बममध्ये सत्यनारायणाचा चौरंग सापडतो. चाळीच्या सार्वजनिक नळावरची सकाळची रांग सहसा सापडत नाही. जे रोज घडते, ते टिपण्याजोगे कोणाला वाटले नाही, आणि परवडलेही नाही.

१३/
हा हिशेब फोनने मोडला. ११ जून १९९७ रोजी फिलिप कान या अमेरिकेतील अभियंत्याने नवजात मुलीचा फोटो मोबाइल फोनच्या जोडणीने दोन हजारांहून अधिक जणांना पाठवला. नोव्हेंबर २००० मध्ये जपानमध्ये शार्प कंपनीचा कॅमेरा असलेला फोन विक्रीस आला. त्याची क्षमता होती केवळ १ लाख १० हजार पिक्सेल. ७ जुलै २००५ च्या लंडन बॉम्बस्फोटांनंतर भुयारी रेल्वेत अडकलेल्या प्रवाशांनी फोनवर घेतलेले फोटो जगभर झळकले. वार्ताहर पोहोचण्यापूर्वीच साक्षीदारांनी घटना नोंदवली होती.

१४/
पण फोनचे खरे ऐतिहासिक मोल आपत्तीपेक्षा नेहमीच्या दिवसात आहे. १५ सप्टेंबर २०२३ रोजी 'बेस्ट'ची डिझेलवर धावणारी दुमजली बस मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. अशा बस शहरात १९३७ पासून धावत होत्या. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस 'प्रीमियर पद्मिनी' टॅक्सीचेही आयुष्य नियमानुसार संपले. अशा वेळी अखेरच्या दिवसाचे फोटो भरपूर निघतात. हार घातलेली बस आणि भोवतीची गर्दी सर्वांकडे असते.

१५/
उद्याच्या संशोधकाला मात्र वेगळेच हवे असेल. एखाद्या साध्या मंगळवारी वरच्या मजल्यावर पुढच्या सीटसाठी कोण धावत होते, कंडक्टर जिन्यात कसा उभा राहत होता, टॅक्सीच्या डॅशबोर्डवर कोणता देव होता. हे ज्या फोटोंत सापडेल, ते कोणीतरी विनाकारण काढलेले असतील. बऱ्याचदा मुख्य विषयापेक्षा फोटोच्या कडेला नकळत आलेली दुकानाची पाटी, भाव लिहिलेली फळी किंवा उघडे गटार हेच पुढे मोठे साधन ठरते.

१६/
येथे एक धोका संभवतो. काचेची निगेटिव्ह दीडशे वर्षे टिकली. फोनमधले हजारो फोटो फोन बदलताना नाहीसे होतात. फोटोच्या फाइलमध्ये तारीख आणि वेळ आपोआप नोंदली जाते, स्थळाची सोय सुरू असेल तर जागाही. पण तोच फोटो व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने पुढे पाठवला की ही माहिती सहसा गळून पडते. उरतो तो नाव, गाव, तिथी नसलेला फोटो, म्हणजे शिलालेखाचा अक्षरे झिजलेला दगडच. मूळ फाइल जपणे आणि सोबत एका ओळीत स्थळ, दिवस व प्रसंग लिहून ठेवणे, एवढ्याने तो दगड पुन्हा बोलू लागतो.

१७/
दुसरा धोका अधिक गंभीर. प्लेगच्या रुग्णाला कॅमेऱ्याला नकार देण्याची सोय होती, असे मानणे कठीण आहे. आज फुटपाथवर झोपलेल्या माणसाचा किंवा लोकलमध्ये पेंगणाऱ्या बाईचा फोटो न विचारता घेऊन सर्वत्र फिरवला जातो, तेव्हा फोनधारकाची नजर त्या जुन्या सरकारी नजरेहून फारशी वेगळी उरत नाही. कॅमेरा सर्वांच्या हाती आल्याने समोरचा माणूस आपोआप 'नमुना' व्हायचा थांबत नाही.

१८/
मुंबईच्या रेल्वे स्थानकांवर आजही पॉलिशवाला लाकडी पेटीवर ब्रश आपटून गिऱ्हाईक बोलावतो. फोन त्याला क्षणात टिपतो, ब्रशच्या केसांसकट. पॅरिसच्या पॉलिशवाल्याचे नाव दागेरला विचारता आले नाही. तो उंच खिडकीत होता आणि रस्ता दूर होता. फोन हाती धरलेला माणूस त्याच फलाटावर, दोन हातांवर उभा असतो. त्याला नाव विचारता येते, आणि फोटो काढू का, हेही.

(समाप्त)