'इंजर' : एका क्रियापदाचा वनेतिहास

'इंजर' या इंग्रजी क्रियापदाला आपण सहसा 'इजा करणे' हा पर्याय देतो. उच्चारातील जवळीक मात्र फसवी आहे. अरबी-फारसीतून आलेल्या 'इजा'चा मूलार्थ पीडा. 'इंजर'च्या मुळाशी लॅटिनमधील 'यूस', म्हणजे हक्क वा न्याय, आणि त्याचा नकार आहे. १८६०च्या भारतीय दंडसंहितेने ४४व्या कलमात हा मूलार्थ पक्का केला : व्यक्तीचे शरीर, मन, लौकिक वा मालमत्ता यांना बेकायदा पोहोचवलेली हानी, तीच 'इंजुरी'. परिणामी, कायद्याने केलेली हानी या संज्ञेच्या कक्षेबाहेरच राहिली.

या वगळणुकीचा अर्थ तेव्हाच्या चांदा जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या, जंगलात स्पष्ट होतो. १८७८ व १९२७च्या वन कायद्यांनी गोंड-माडियांच्या वहिवाटीला सवलत वा अपराध ठरवले. ही हानी कायदेशीर, म्हणून 'इंजुरी' नव्हे. उलट, राखीव वनात झाडाची साल वा पाने काढणे, 'किंवा अन्य प्रकारे' झाडाची हानी करणे १९२७च्या कायद्याच्या २६व्या कलमाने दंडनीय ठरवले. येथील क्रियापद 'डॅमेज'. त्याचे मूळ 'दाम्नुम', म्हणजे तोटा. वाक्यात कर्म झाड असले, तरी तोटा मालकाचा, अर्थात सरकारचा. मराठी 'नुकसान' हे लपवू देत नाही, त्याच्यापाठोपाठ 'कोणाचे?' हा षष्ठीचा प्रश्न येतोच.

बांबूचे उदाहरण बोलके आहे. कायद्याच्या व्याख्येत तो 'झाड' होता. गावकऱ्याने परवान्याविना तोडला तर अपराध. शासनाशी करार करून कागद गिरणीसाठी तोडला तर उत्पादन. कृती एकच, क्रियापदे दोन.

२००६च्या वनहक्क कायद्याच्या उद्देशिकेने वननिवासींवरील 'ऐतिहासिक अन्याय' मान्य केला. इंग्रजी संहितेतील 'इनजस्टिस' हा 'इंजर'चाच सहोदर. दंडसंहितेने वगळलेली कायदेशीर हानी अशा रीतीने त्याच धातूच्या आश्रयाने कायद्यात परतली. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला २००९मध्ये सामूहिक वनहक्क आणि २०११मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचा अधिकार मिळाला. २०१७च्या दुरुस्तीने बांबू 'झाडा'च्या व्याख्येतून वगळला गेला.

म्हणून अनुवादकापुढील प्रश्न केवळ पर्यायी शब्दाचा नाही. 'इजा' म्हटले की वेदना उरते आणि हक्क निसटतो. या जंगलातील भांडण मात्र हक्काचेच आहे.